अभंग डावीकडं, चाल उजवीकडं : काकांची वही, सिनेमा आणि आमचे देव

टाळकुटा (रविवार, रात्री १०:१०)

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी माळ्यावरची अडगळ काढताना काकांची भजनाची वही सापडली. काका जाऊन सहा वर्षं झाली. बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव भागात आमचं गाव. तिथलं भजनी मंडळ त्यांनी तीसेक वर्षं चालवलं. आवाज फार गोड नव्हता, पण चाल बसवावी तर त्यांनीच.

वही वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी लांबट, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक पानावर पट्टीनं मारलेली उभी रेघ. डावीकडं अभंग, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. उजवीकडच्या रकान्याच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून खाली लाल शाईत एकेक नोंद. काही जशाच्या तशा देतो:

‘नागीन, बीनवाली, पण सावकाश.’
‘रेडिओ धारवाड, सकाळचं, बाई म्हणते ते.’
‘राजकुमार, कुंभार सिनेमा.’
‘लावणीची. कुणाला सांगू नये.’
‘हिंदी. पोराला विचारणे.’

तो पोरगा म्हणजे मी. टेपरेकॉर्डरवर कॅसेट मागंपुढं करून एकच कडवं धा वेळा ऐकवायचं काम माझ्याकडं होतं. काका डोळे मिटून, मांडीवर बोटानं ठेका धरून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, ‘थांब. हितं ज्ञानोबा बसतोय बघ.’ शनिवारी रात्री मारुतीच्या देवळात तीच चाल सुरू झाली की मागं बसलेल्या कॉलेजातल्या पोरांच्या माना एकदम वर व्हायच्या.

पानांच्या खालच्या कोपऱ्यांवर पिवळट डाग आहेत. आधी वाटलं तेल सांडलंय. मग लक्षात आलं, ही कणीक. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावणारा आमचा पखवाजी काकांना लागून बसायचा आणि पान तोच उलटायचा.

तर देवळात सिनेमा किती शिरला आणि सिनेमात देव किती, यावर लिहा. आपापल्या गावचं लिहा, पुस्तकातलं कमी. माझं मत आधीच सांगून टाकतो. काकांनी रेघ मारली होती ती बरोबर होती. डावी बाजू संतांची, तिला हात लावायचा नाही. उजवी बाजू बाजाराची, ती रोज बदलली तरी चालेल.

पट्टी काळी दोन (रविवार, रात्री १०:४२)

‘लावणीची. कुणाला सांगू नये’ वाचून पोट धरून हसलो. अशा दोनतीन चाली आमच्या पेटीतही आहेत. सांगणार नाही.

अभंगाला कुठलीही चाल बसते याचं कारण साधं आहे. अभंगात अक्षरं मोजतात, मात्रा नाही. मोठ्या अभंगाचे तुकडे सहा, सहा, सहा, चार. बोटावर मोजा: सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. अक्षर लांबवायचं की आखडायचं हे गाणाऱ्याच्या हातात. त्यामुळं केरव्यातलं कुठलंही सिनेमाचं गाणं घ्या, ओढूनताणून का होईना, बसतं. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा आखूड पडतो, तिथं जागा उरते. त्या जागेत टाळकरी ‘विठ्ठल विठ्ठल’ भरतात. भजनाला खरी गंमत येते ती त्या उरलेल्या जागेत.

तुझ्या काकांना हे कुणी शिकवलं नसणार. कानानंच कळलं असणार.

हरिपाठ (सोमवार, सकाळी ६:२०)

कौतुक चाललंय ते चालू द्या, मी विरोधात आहे.

वारकरी भजनाला क्रम आहे. जय जय रामकृष्ण हरी, मग रूपाचे अभंग, मग पुढचं. चाली परंपरेनं आलेल्या. त्या कंटाळवाण्या वाटतात कारण आपण दोन तास एका जागी बसत नाही. सिनेमाची चाल लावली की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीचं गाणं वाजायला लागतं. तोंडात विठ्ठल आणि डोळ्यांपुढं बागेतली हिरॉईन. पोरांच्या माना वर झाल्या असं तुम्हीच लिहिलंय. माना कुणासाठी वर झाल्या?

दोन्हीकडचा (सोमवार, सकाळी ९:०५)

घरात कन्नड, शाळा मराठी, बायको निपाणीची. माझ्या शुद्धलेखनावर बोलू नका.

‘राजकुमार, कुंभार सिनेमा’ म्हणजे ‘भक्त कुंभार’. १९७४ चा कन्नड सिनेमा, डॉ. राजकुमार यांचा. कुंभार म्हणजे आपले गोरोबा. तेरचे. चिखल तुडवताना भजनात भान हरपलं आणि लेकरू पायाखाली आलं, तीच गोष्ट. आमची अव्वा गोकाककडची, तिला मराठी एक अक्षर येत नव्हतं. ती शेवटपर्यंत समजत होती की गोरोबा कन्नडच बोलत असणार. राजकुमार बोलला म्हणजे झालं की! पंढरपूरला गेली तेव्हा गोरोबांचं नाव कानावर पडलं तशी मला म्हणाली, ‘इकडच्यांनापण ठाऊक आहे काय रे तो?’

आता हिशेब बघा. तेरचा संत, मराठी बोलणारा. सिनेमात गेला आणि कन्नड झाला. त्या सिनेमातली चाल उचगावच्या देवळात येऊन परत मराठी अभंगाला लागली. टाळकुटा, रकाना मात्र तुम्ही ‘बाजार’ म्हणून ठेवलाय.

ज्ञानेश्वरांनीच लिहून ठेवलंय ना, ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’. आणि भीमसेन जोशी गदगचे. संतवाणी मराठीत, दासांची पदं कन्नडात. पुरंदरदासांचं ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ आमच्या गल्लीतल्या चार मराठी घरांत लक्ष्मीपूजनाला लागतं. अर्थ एकालाही येत नाही, बारम्मा म्हणजे ‘ये गं आई’ एवढं कळतं. लक्ष्मी येते की नाही ते त्यांना विचारा.

व्यवस्थापक (सोमवार, सकाळी ९:३०)

धागा छान चाललाय. सीमाप्रश्न इथं आणला तर कुलूप लावीन. दोन्ही बाजूंना सांगतोय.

नाटकवेडा (सोमवार, दुपारी १:१५)

दोन्हीकडच्यांनी विषय काढलाच आहे, तर मुळापासूनच घेऊ.

मराठी नाटकाचा जन्म सांगलीचा, १८४३. विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याचाच. पण भाव्यांना नाटक करायला लावलं कुणी? कर्नाटकातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली होती. यक्षगानाच्या घराण्यातलाच तो खेळ. देवाच्या गोष्टी, मुखवटे, राक्षसांच्या आरोळ्या, सूत्रधाराची पदं. तो बघून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या मनात आलं की असं आपल्याकडंही व्हावं, आणि त्यांनी भाव्यांना सांगितलं. म्हणजे मराठी मनोरंजनाची पहिली चालसुद्धा उजव्या रकान्यातलीच की हो. ‘कर्कीकर, पण मराठीत.’

पुढं अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणलं. त्याची नांदी ‘पंचतुंड नररुंडमालधर’. ही नाटकातली नांदी, तिकीट काढून ऐकायची. आज ती गणपतीसमोर, सत्यनारायणाला, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुठंही म्हणतात. माझ्या मावसभावाच्या वास्तुशांतीला भटजींनीच सुरू केली आणि आम्ही नाटकवाले चटकन उभे राहिलो. बाकीच्यांना वाटलं आरतीला उभं राहायचंय. सगळे उभे राहिले, एकानं तर निरांजन शोधायला सुरुवात केली.

निपाणीची लेक (सोमवार, दुपारी ३:५०)

तुम्ही सगळे भजनी आणि नाटकवाले पुरुष. आमच्या बायकांच्या देवीचं कुणी काढलंच नाही.

१९७५ ला ‘जय संतोषी माँ’ आला. शोले त्याच वर्षीचा. माझी आई तंबाखूच्या वखारीत जायची. वखारीतल्या धाबारा बायका मिळून बघून आल्या. आई सांगायची, दारात चपला काढून आत गेल्या, आरती आली तेव्हा पडद्यावर पैसे फेकले, आणि मध्यंतरात कुणी चहा प्यायला उठलं नाही. पुढच्या शुक्रवारपासून वखारीत उपास सुरू. आजीला विचारलं, ही देवी कुठली? आजी म्हणाली, ‘मला यल्लम्मा ठाऊक, मायाक्का ठाऊक, कोल्हापूरची अंबाबाई ठाऊक. ही नवीन सून कुणाची?’

पण ही सून घरात रुळली कशी ते सांगते. तिचा नैवेद्य गूळ-फुटाणे. बाकी काही नाही. वखारीत तंबाखूची धूळ घशात बसते म्हणून बायकांच्या पिशवीत गुळाचा खडा आणि मूठभर फुटाणे असायचेच. देवीनं मागितलं ते पिशवीत आधीच होतं! सोवळं नाही, भटजी नाही, पुरणपोळी नाही. फक्त आंबट खायचं नाही. तेवढं मात्र जड जायचं, कारण निपाणीत आमटीत चिंच नाही म्हणजे आमटीच नाही.

सोळा शुक्रवार झाले की उद्यापनाला पोरं जेवायला बोलवायची. त्यांनाही आंबट द्यायचं नाही, आणि हातात पैसे द्यायचे नाहीत, पैसे दिले तर पोरं चिंचा घेऊन खातील म्हणून. हे सिनेमातलं की व्रताच्या पोथीतलं, आता आईलाही सांगता येत नाही. तसबीर अजून आहे. तिच्या शेजारी यल्लम्मा. आई दिवा दोघींच्या मधे ठेवते, म्हणजे कुणाला राग नको.

खानापूरचा पाऊस (सोमवार, रात्री ८:१२)

आमच्याकडं १९८७, रामायण. वाडीत टीव्ही एकच. रविवारी सकाळी मालकीणबाई काचेला हळदकुंकू लावायच्या, बरोबर राम उभा राहतो त्या जागी. मालिका संपल्यावर कोण पुसणार? पाप लागेल. मग आठवडाभर बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावर कुंकू, क्रिकेटच्या खेळपट्टीवर कुंकू, आणि शनिवारच्या सिनेमातल्या व्हिलनच्या कपाळावरही नेमकं कुंकू. आम्हा पोरांना वाटायचं तो शेवटी सुधारणार.

पट्टी काळी दोन (सोमवार, रात्री ८:२०)

सुधारला काय?

खानापूरचा पाऊस (सोमवार, रात्री ८:२१)

लाइट गेली. खानापूर आहे ते.

मास्तरीणबाई (सोमवार, रात्री ९:३५)

हसताय ते बरंय, पण मला एक खुपतंय.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. ‘कांतारा’ आला २०२२ ला. त्या वर्षीच्या वेशभूषा स्पर्धेत माझ्या वर्गातल्या पाच पोरांनी दैवाचं सोंग घेतलं. तोंड पिवळं, डोळ्यांभोवती काळं, कमरेला झावळ्या, त्याही प्लॅस्टिकच्या. भाड्यानं आणलेला वेश. एक जण स्टेजवर आला आणि सिनेमातली ती किंकाळी मारली. टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं मारली, पुन्हा टाळ्या. तिसऱ्याच्या वेळी पहिलीतली एक मुलगी घाबरून रडायला लागली. खरं सांगायचं तर तिलाच काहीतरी समजलं होतं.

भूतकोला ही किनारपट्टीची, तुळुनाडची रीत. तिथं दैव अंगावर घेतात ते पंबद, नलिके, परव या समाजातले लोक, आणि त्यांना त्याआधी नेमधर्म पाळावा लागतो. चार दिवस आधी काय खायचं, कुठं जायचं नाही, सगळं ठरलेलं. सिनेमा गाजल्यावर जो तो दैव व्हायला लागला. असं करू नका, म्हणून सिनेमावाल्यांनाच सांगावं लागलं. चांगलंही झालं, नाही म्हणत नाही. त्याच ऑक्टोबरात कर्नाटक सरकारनं साठीवरच्या दैवनर्तकांना महिना २००० रुपये जाहीर केले. वर्षानुवर्षं रात्र रात्र नाचलेल्या माणसांकडं कुणाचं लक्ष गेलं ते सिनेमामुळंच.

मला खुपतं ते पुढचं. किनाऱ्यावरचं दैव बेळगावात भाड्यानं मिळतं. पण आमच्या गल्लीत दर मंगळवारी परडी घेऊन येणारी जोगतीण आहे, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. तिचा वेश घालून एकही पोर आजवर स्पर्धेला आलेलं नाही. मी एका आईला सहज सुचवलं, तर म्हणाली, ‘बाई, अहो काहीतरीच! भिकाऱ्याचं सोंग?’ आणि याच बाई मंगळवारी जोगतिणीच्या पाया पडतात.

म्हणजे पडद्यावरून आलं तर ते दैवत, आणि दारावर चालत आलं तर भिकारी. टाळकुटा, तुमच्या काकांनी उजवीकडं सिनेमाचं नाव तरी लिहिलं. चाल बांधणाऱ्याचं नाव कुठं आहे?

टाळकुटा (सोमवार, रात्री १०:०२)

बाई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. नाही. पूर्ण वहीत संगीतकाराचं नाव एकदाही नाही. ‘लताबाईंचं, रडकं’ असं एके ठिकाणी आहे, पण ते गाणारीचं नाव. चाल बांधणारा कुठंच नाही. डावीकडं मात्र प्रत्येक अभंगाखाली तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी.

सौंदत्तीची गाडी (मंगळवार, पहाटे ५:१०)

मी लिवणारा माणूस न्हवं, टेंपो चालवतो. मार्गशीर्षात रांडाव पुनवला आणि माघात, चिकोडी-निपाणीकडची माणसं सौंदत्तीला पोचवतो. एक सांगतो.

आधी गाडीत चौंडकं वाजायचं. आता निळ्या लाइटचा स्पीकर असतोय. यल्लम्माची गाणी, मायाक्काची, बिरोबाची, सगळ्यास्नी ठेका एकच, डीजेचा. मला काय, मी बी वाजवतो, झोप येत नाही.

दोन वर्साखाली रात्री स्पीकरची चार्जिंग संपली. गाडीत एकदम शांत. मागं एक जोगतीण आजी बसलेली, तिनं चौंडकं काढलं आणि सुरू केलं. तार वढून धरायची आणि तुंगुंग तुंगुंग, माणूस बोलल्यासारखं वाजतंय ते. पोरांनी मोबाइल काढले. एक पोरगं म्हणालं, ‘आजी, ते पिक्चरमधलं म्हणा की, जोगवामधलं.’ आजी म्हणाली, ‘कसलं पिक्चर गा?’ तिनं बघितलंच नव्हतं. तिच्यासारख्यांवरच काढलेलं पिक्चर. पोरगं म्हणालं, लई बक्षिसं मिळाली आजी, दिल्लीची. आजी म्हणाली, ‘कुणास मिळाली?’ पोरगं गप बसलं.

मग आजीच म्हणाली, ‘तू म्हण, मी वाजवतो.’ आमच्याकडं बायका असंच बोलतात, हसू नका. त्यानं म्हटलं, बेसूर. आजीनं दुसऱ्या ओळीला ठेका पकडला. तिसऱ्या ओळीला गाणं तिचंच झालं, पोरगं मागं मागं. कडवं संपल्यावर आजी वरडली, ‘उदो गं आई उदो’, गाडीतल्या सगळ्यांनी वरडलं, मी बी. जोगळबावीला उतरताना आजी त्या पोराला म्हणाली, ‘चांगलं हाय रं. कुणी केलंय?’

मास्तरीणबाई (मंगळवार, सकाळी ७:४०)

गाडीवाले दादा, तुम्ही लिहिणारेच आहात.

एक सांगून ठेवते, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. चौंडकं राहू दे, पण देवीला पोरी सोडणं परत नको. १९८२ मध्ये कर्नाटकानं देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही. ‘जोगवा’त ते दुखणं दाखवलं होतं. गाण्याला आणि गाणाऱ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, वरातीत गाणं वाजायला लागलं आणि दुखणं गेलं मागं. आता त्यावर नवरा-नवरी नाचतात.

शनिवार खूट (मंगळवार, दुपारी १२:३०)

इतक्या गंभीर धाग्यात थोडं आमचंही. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, चित्ररथ रात्रभर. लगेच दुसऱ्या दिवशी अक्षय्यतृतीया, म्हणजे बसवजयंती. रस्ता तोच, कमानी बांधणारा कंत्राटदारही बऱ्याचदा तोच. महाराज काही देव नव्हेत, तरी चित्ररथावर उभ्या राहिलेल्या पोराच्या पाया पडणारी माणसं मी दर वर्षी बघतो. पोरगं आमच्याच गल्लीतलं, सकाळी दूध टाकणारं. गेल्या काही वर्षांत फरक एवढाच की दाढी कशी कोरायची ते आधी कॅलेंडर बघून ठरायचं, आता सिनेमा बघून. न्हावी विचारतो, ‘कुठल्या पिक्चरमधले महाराज?’

पट्टी काळी दोन (मंगळवार, दुपारी २:०५)

@हरिपाठ, तुमचा मुद्दा राहूनच गेला. मला सांगा, एकनाथ महाराजांनी काय केलं? गोंधळ, वासुदेव, जोशी, जोगवा. सगळी दारावर आणि रस्त्यावर येणाऱ्यांची सोंगं आणि चाली. ‘अनादि निर्गुण प्रगटली भवानी’ हा नाथांचा जोगवा नवरात्रात तुम्हीही म्हणत असाल. मास्तरीणबाईंच्या गल्लीतल्या जोगतिणीचंच मागणं ते, नाथांनी उचललं आणि आत वेदान्त भरला. त्या काळी पैठणातल्या कुणी शास्त्र्यानं विचारलंच असेल, माना कुणासाठी वर झाल्या म्हणून.

हरिपाठ (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

नाथांचं मान्य. पण नाथ जोगतिणीच्या तोंडून बोलले, आणि खाली ‘एका जनार्दनी’ लिहून हे माझं म्हणून जबाबदारी घेतली. भजनी मंडळं घेतात का? माझा राग चालीवर कमी आणि विसरण्यावर जास्त आहे. मिसळायला हरकत नाही, पण मिसळलं कुठं ते ठाऊक हवं. नाहीतर काय होतं ते ऐका.

१९३६ साली प्रभातनं ‘संत तुकाराम’ काढला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझ्या आजोबांनी तो सिनेमा कितीदा पाहिला, गणती नाही. आमच्या देव्हाऱ्यातली तुकोबांची तसबीर नीट बघितली तर मला पागनीसच दिसतात. ते एकवेळ असो, तुकोबांचा फोटो कुणी काढला होता? चेहरा कुणाचा तरी लागणारच.

पण त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे गाणं घ्या. ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, केशवराव भोळ्यांनी चाल दिली. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, शोधून दाखवा. तरी मी ते कीर्तनात तुकोबांचं म्हणून ऐकलंय. प्रवचनात ऐकलंय. पाठ्यपुस्तकाच्या मास्तरांकडून ऐकलंय. आणि गंमत बघा, त्याच सिनेमात सालोमालो नावाचं पात्र आहे. तुकोबांचे अभंग आपलेच आहेत म्हणून सांगत फिरतं. लोक त्याला शिव्या देत थेटरातून बाहेर पडले, आणि आठवल्यांचं गाणं तुकोबांच्या नावावर घेऊन घरी गेले.

म्हणून म्हणतो टाळकुटा, तुमची उजवी बाजू बाजाराची आणि डावी संतांची, ही रेघ कागदावर आहे. एकदा डावी बाजू नीट वाचून काढा.

टाळकुटा (मंगळवार, रात्री ११:२०)

जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. १८७ अभंग आहेत. गाथा शेजारी ठेवून सगळे बघायला महिना जाईल, पण तुम्ही सांगितलेलं सापडलं. पान ४१. वर शीर्षक, ‘तुकोबारायांचे, निवडक’. त्याखाली तिसरं, ‘आधी बीज एकले’.

डावीकडं. निळ्या शाईत.

त्याहून पुढचं सांगतो. गाणं संपतं तिथं काकांनी दोन ओळी वाढवल्यात. शाई तीच, अक्षर तेच, फक्त ‘तुका म्हणे’ हे शब्द जरा घाईत लिहिलेले वाटतात. खाली मुद्रा, म्हणजे कवीच्या नावाची खूण, नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार. अभंग आहे म्हणजे मुद्रा राहून गेली, असं समजून त्यांनी घातली. आता सालोमालो म्हणावं तर उलटाच प्रकार. स्वतःच्या ओळी लिहून नाव तुकोबाला.

काकूंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ते? ते तर त्यांचं फार आवडीचं. एकादशीला शेवटी म्हणायचे, वाढवलेल्या ओळींना डोळ्यांतनं पाणी यायचं त्यांच्या.’ वाढवलेल्या ओळी हा शब्द माझा आहे. काकूंना मी काही सांगितलं नाही. त्यांनी फोनवर त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या, तेवढंच.

पट्टी काळी दोन (मंगळवार, रात्री ११:२६)

कमाल! पानाचा फोटो टाक. आणि उजवीकडं चाल काय लिहिलीय ते सांग, येत्या एकादशीला बसवतो आमच्याकडं.

हरिपाठ (मंगळवार, रात्री ११:३१)

त्या दोन ओळी पण लिहा. गाथेत नाहीत हे मला माहीत आहे. तरी लिहा.

टाळकुटा (मंगळवार, रात्री ११:४०)

ओळी काकूंना विचारून टाकतो, त्यांच्या परवानगीशिवाय नको.

फोटो जोडतोय. कोपऱ्यात अंगठ्याएवढा कणकेचा डाग आहे, तो मोठा करून बघा, रेषा दिसतात. चालीचा रकाना कोरा आहे.